एनडीआयएस प्लॅन: प्लॅन मॅनेजर सोडून सेल्फ-मॅनेज्ड करावा का?

टार्नेट_आई

मुलगा ११ वर्षांचा, ऑटिझम. त्याचा एनडीआयएस (ऑस्ट्रेलियाची सरकारी अपंगत्व सहाय्य योजना) प्लॅन सध्या अख्खा प्लॅन मॅनेजरकडे (आमच्या वतीने बिलं भरणाऱ्याकडे) आहे. वर्षाला कोअरमध्ये (रोजच्या मदतीसाठी) १४,००० डॉलर आणि कपॅसिटी बिल्डिंगमध्ये थेरपीसाठी १४,००० डॉलर. पैसे तीन-तीन महिन्यांच्या हप्त्यांत येतात. शाळेच्या दिवसांत दर आठवड्याला स्पीच, एक आठवडा सोडून ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), आणि शनिवारी एक सपोर्ट वर्कर येते, पण तिच्याशी त्याचं फारसं जमत नाही. घरी आम्ही मराठीच बोलतो. ओळखीतली एक मराठी मुलगी, इथे शिकायला आलेली, त्याला छान सांभाळते. तिला रीतसर सपोर्ट वर्कर म्हणून घ्यायचंय.

प्रश्न असे: सेल्फ-मॅनेज्ड केलं (पैशांचा कारभार स्वतःकडे घेतला) तर प्लॅन मॅनेजरची फी वाचून ती थेरपीला वापरता येते का? त्या मुलीला पैसे नेमके कसे द्यायचे? आणि डिसेंबर-जानेवारीत आठ आठवडे पुण्याला जायचंय, त्या काळात प्लॅनचं काय होतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

जमाखर्च

आधी फीचं. प्लॅन मॅनेजरची फी (महिन्याला साधारण १०४ डॉलर) तुमच्या थेरपीतून जातच नाही. त्यासाठी प्लॅनमध्ये वेगळी रक्कम असते आणि ती फक्त त्याच कामासाठी वापरता येते. सेल्फ-मॅनेज्ड केलंत की ती रक्कम प्लॅनमधून जाते, थेरपीत वळत नाही. त्यामुळे केवळ फी वाचवायला म्हणून बदल करू नका, हाती काही लागणार नाही.

खरा फायदा दराचा आहे. एनडीआयएसकडे नोंदणी नसलेले प्रोव्हायडर (सेवा देणारे) प्लॅन मॅनेजरमार्फतही वापरता येतात, पण तिथे एनडीआयएसची दरमर्यादा पाळावी लागते. सेल्फ-मॅनेज्डमध्ये दर तुम्ही आणि प्रोव्हायडर मिळून ठरवता. दरमर्यादेपेक्षा जास्तही देता येतं आणि कमीही. सपोर्ट वर्करची २०२५-२६ची मर्यादा सोमवार ते शुक्रवार दिवसा ताशी ७०.२३ डॉलर आहे, शनिवारी जवळपास ९९ आणि रविवारी १२७. वर्कर पुरवणारी एजन्सी बहुधा मर्यादेइतकंच बिल लावते. १४,००० भागिले ७०.२३ म्हणजे १९९ तास. स्वतंत्र काम करणारी वर्कर ५५ डॉलरला तयार झाली तर त्याच पैशांत २५४ तास होतात. आणि तुमची वर्कर शनिवारी येते! तिचे तास शाळा सुटल्यावर आठवड्याच्या दिवशी घेता आले तर एवढ्यानेच मोठा फरक पडेल, मग प्लॅन कुणाच्याही हातात असो.

माझं मत: सगळं एकदम हातात घेऊ नका. तीन पद्धतींची (सेल्फ, प्लॅन मॅनेजर, आणि एजन्सी-मॅनेज्ड म्हणजे योजना चालवणाऱ्या एनडीआयए या सरकारी संस्थेकडे) सरमिसळ चालते. कोअर सेल्फ-मॅनेज्ड करा, थेरपी राहू द्या प्लॅन मॅनेजरकडे. थेरपीवाल्यांचे दर तसेही मर्यादेलाच टेकलेले असतात, तिथे घासाघीस करून फार काही सुटत नाही. कोअरमध्ये मात्र वर्कर, वेळ आणि दर तिन्ही तुमच्या हातात येतात.

बदलासाठी पुढच्या रिअसेसमेंटपर्यंत (प्लॅनच्या फेरआढाव्यापर्यंत) थांबायची गरज नाही. तुमचा जो 'माय एनडीआयएस काँटॅक्ट' (एनडीआयएसमधला संपर्काचा माणूस) असेल त्याला ईमेल करा. मुलगा १८च्या आतला असल्यामुळे त्याचे चाइल्ड रिप्रेझेंटेटिव्ह तुम्हीच, म्हणून हिशेब सांभाळण्याची जबाबदारी तुमच्या नावावर येते. पैसे नीट सांभाळले जातील का, काही धोका आहे का, हे एनडीआयए बघते. दिवाळखोरीत निघालेल्या व्यक्तीला सेल्फ-मॅनेज करू देत नाहीत. नकार मिळालाच तर कारण लेखी मागा. निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत अंतर्गत पुनर्विचार मागता येतो, आणि त्यावरही समाधान झालं नाही तर २८ दिवसांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे जाता येतं.

---

गोधडी

जमाखर्च यांच्याशी सहमत. फक्त थेरपीचं बजेट कुणाकडेही असो, त्याचं गणित तुम्हीच मांडायला हवं. प्लॅन मॅनेजर बिलं भरतो, पण पैसे वर्षभर पुरतील का हे बघणं त्याच्यावर सोडून चालत नाही.

तुमच्या आकड्यांवरच दाखवते. शाळेचे आठवडे साधारण ४०. स्पीच ४० सेशन, ओटी २०, एकूण ६०. दोन्हींची मर्यादा ताशी १९३.९९ डॉलर. ६० तासांचे ११,६३९.४०. त्यात रिअसेसमेंटसाठी रिपोर्ट, समजा चार तास, म्हणजे ७७५.९६. झाले १२,४१५.३६. वर दीड हजार शिल्लक, असं वाटतं. आता प्रवास मिळवा. थेरपिस्ट घरी किंवा शाळेत येत असेल तर प्रवासाचा वेळही बिलात येतो. जुलै २०२५ पासून थेरपीच्या प्रवासाला अर्धाच दर आहे, तरी अर्ध्या तासाच्या प्रवासाचे ४८.५० होतात. साठही सेशनला लावले तर २,९१०. म्हणजे बजेट तेराशेवर डॉलरने तुटलं, आणि ते तुटणार वर्षाच्या शेवटी, नेमकं रिपोर्ट हवा असतो तेव्हा.

उपाय सोपा आहे. स्पीच क्लिनिकमध्ये जाऊन घ्या, ओटी घरी येऊ द्या, कारण ओटीला घरातलं वातावरण बघायचं असतं. मग प्रवासाचे फक्त ९७० आणि एकूण १३,३८५.३६. यात बसतं.

आता तीन महिन्यांच्या हप्त्यांचं. १९ मे २०२५ पासून नव्या आणि रिअसेस झालेल्या प्लॅनमध्ये हे आले. तुमचे थेरपीचे प्रत्येक तिमाहीला ३,५०० पडतात. दहा आठवड्यांच्या टर्ममध्ये स्पीच दहा, ओटी पाच आणि ओटीचा प्रवास मिळून ३,१५२.३५. उरले ३४७.६५. पहिल्याच तिमाहीत रिपोर्ट मागितलात तर ३,९२८ होतात, आणि पुढच्या हप्त्यातले पैसे आगाऊ वापरता येत नाहीत, त्यामुळे क्लेम (पैशांची मागणी) अडकतो. उरलेले मात्र त्याच प्लॅनमध्ये पुढच्या हप्त्यात जमा होतात. दोन तिमाहींचे मिळून ६९५ साठतात, त्यात तिसऱ्या तिमाहीतले उरलेले मिळवले की रिपोर्टचे पैसे बसतात, म्हणून रिपोर्ट तिसऱ्या तिमाहीत करून घ्या. रिअसेसमेंटच्या दृष्टीनेही तीच वेळ योग्य, कारण तोवर थेरपीचा परिणाम दाखवायला सहा महिन्यांच्या नोंदी हाताशी असतात. प्लॅन संपताना जे उरेल ते नव्या प्लॅनमध्ये जात नाही, हेही लक्षात असू द्या.

थेरपिस्टशी बोलताना हे तीन आकडे सर्व्हिस ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या: प्रवासाची कमाल मिनिटं, रिपोर्टचे कमाल तास आणि सेशन रद्द करण्याची मुदत. 'रिपोर्ट राइटिंग ॲज रिक्वायर्ड' असं मोघम असेल तर सही करू नका. बजेट तिथूनच गळतं.

---

वेरिबी_वाचक

विद्यार्थिनीबद्दल लिहितो, कारण यात आपल्या लोकांची हमखास गफलत होते.

पहिली गोष्ट व्हिसा. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. ही मर्यादा सगळ्या कामांची मिळून आहे. ती आधीच कॅफेत ३० तास करत असेल तर तुमच्यासाठी १८ उरले. एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक) काढून काम केलं तर तास मोजत नाहीत, हा समज चुकीचा आहे, तेही मोजतात. तिला व्हेवोवरून (व्हिसा तपासायच्या सरकारी सेवेवरून) व्हिसाच्या अटींचा ईमेल थेट तुम्हाला पाठवायला सांगा आणि जपून ठेवा. आठवड्याला किती तास देऊ शकते हे तिच्याकडून लिहून घ्या. अट मोडली तर व्हिसा तिचा जातो. तिचं नुकसान होऊ नये ही काळजी आपणच घ्यायला हवी.

दुसरं, तपासण्या. मुलांसोबत पगारी काम म्हणजे व्हिक्टोरियात वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतोच. एनडीआयएस वर्कर स्क्रीनिंग (पार्श्वभूमीची तपासणी) सेल्फ-मॅनेज्डमध्ये तुम्ही मागू शकता आणि मागावीच, ती पाच वर्षं चालते. सोबत फर्स्ट एड.

तिसरं, पैसे. मार्ग दोन आहेत. एक, तिने एबीएन काढून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून तुम्हाला इन्व्हॉइस द्यायचं. मग कर, सुपर (निवृत्ती निधी) आणि विमा ती बघते, म्हणून तिच्या दरात ते धरलेलं असलं पाहिजे. पब्लिक लायबिलिटी विमा आहे का ते विचारा. दोन, तुम्ही तिला नोकरीवर ठेवायचं. मग तुम्ही मालक. एटीओकडे (कर कार्यालयाकडे) पीएवायजी विथहोल्डिंगची (पगारातून कर कापण्याची) नोंदणी, पगाराच्या दिवशी सिंगल टच पेरोलने एटीओला पगाराची माहिती कळवणं, पगारानंतर एका कामाच्या दिवसात पेस्लिप, कॅज्युअल असेल तर २५ टक्के लोडिंग (जादा पगार), पात्र असेल तर १२ टक्के सुपर. सुपरची पात्रता एटीओच्या साइटवरच्या प्रश्नांतून तपासता येते. वर्षाचा पगार ७,५०० डॉलरच्या वर गेला तर वर्कसेफकडे वर्ककव्हर (कामावरच्या दुखापतीचा) विमाही घ्यावा लागतो. पगारावरचे हे सगळे खर्च ताशी दर ठरवताना त्यात धरा, वेगळे खिशातून भरू नका.

कोणता मार्ग? नुसत्या एबीएनवरून कुणी कंत्राटदार ठरत नाही. कधी यायचं, काय करायचं, कसं करायचं हे सगळं तुम्हीच ठरवत असाल, ती दुसरीकडे असं काम करत नसेल आणि बदली माणूस पाठवू शकत नसेल, तर कायद्याच्या नजरेत ती कर्मचारी असण्याची शक्यता जास्त. नंतर सुपरची थकबाकी आणि दंड तुमच्या अंगावर येतो. तिची आणखी दोन-तीन घरं असतील, स्वतःचा दर असेल, वेळ ती सांगत असेल, तर एबीएन ठीक.

---

टार्नेट_आई

खूपच उपयोगी माहिती, मनापासून आभार. आणखी दोन शंका. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येतायत, त्या मुलासोबत दिवसभर असतात. त्यांना काही देता येईल का? आणि क्लेम प्रत्यक्ष कसा करायचा? पैसे आधी भरून मग मागायचे की उलट?

---

वेरिबी_वाचक

सासूबाईंना नाही. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, हे एक. शिवाय घरच्या माणसांना प्लॅनमधून पैसे द्यायला एनडीआयए फार अपवादात्मक परिस्थितीतच परवानगी देते, तीही आधी विचारून. त्यांच्या असण्याने तुमचे वर्करचे तास कमी लागत असतील तर उरलेले तास शाळेच्या सुट्टीसाठी साठवा. कोअरही हप्त्यांत येत असेल तर न वापरलेले पुढे जमा होतातच.

---

जमाखर्च

क्लेम दोन्ही प्रकारे होतो. इन्व्हॉइस आलं की क्लेम करून पैसे आल्यावर वर्करला द्या, किंवा आधी भरा आणि मग क्लेम करा. मी पहिला प्रकार सुचवेन, तुमच्या खिशावर ताण येत नाही. फक्त ॲग्रीमेंटमध्ये 'इन्व्हॉइसनंतर सात दिवसांत पैसे' असं लिहा, कारण पैसे बहुधा दोन-तीन कामाच्या दिवसांत येतात, पण क्लेम तपासणीत गेला तर जास्त लागतात. विद्यार्थिनीला भाड्याच्या दिवशी थांबवणं बरं नव्हे.

त्याआधी एक स्वतंत्र बँक खातं काढा, ज्यातून किराणा, पेट्रोल, काहीही जाणार नाही. एनडीआयएसचे पैसे फक्त तिथेच येऊ द्या आणि तिथूनच बाहेर जाऊ द्या. घरच्या खात्यात मिसळलेले पैसे वर्षाने वेगळे करणं फार जिकिरीचं होतं.

इन्व्हॉइसवर एवढं हवंच: प्रोव्हायडरचं नाव, एबीएन, इन्व्हॉइसची तारीख, मुलाचं नाव, सेवा कोणत्या तारखेला दिली, काय दिली, किती तास, ताशी दर, एकूण. 'मार्च महिन्याचं सपोर्ट वर्क, ६०० डॉलर' असं आलं तर परत पाठवा. '४ मार्च, दुपारी ३.३० ते ६.३०, ३ तास, ५५ डॉलर दराने, पोहण्याच्या क्लासला सोबत आणि कपडे बदलायला मदत, १६५ डॉलर' असं हवं. तपासणीत बहुधा इथेच अडतं. काम झालेलं असतं, पण कागदावर दिसत नाही.

मग मायगव्हमधून (सरकारी सेवांच्या ऑनलाइन खात्यातून) 'माय एनडीआयएस' ॲप किंवा पोर्टल उघडा, क्लेम निवडा, बजेट कोणतं ते निवडा, सेवेची पहिली-शेवटची तारीख, रक्कम, प्रोव्हायडरचा एबीएन भरा, इन्व्हॉइस जोडा. तारखेत चूक करू नका, क्लेमची तारीख वेगळी आणि सेवेची वेगळी. हप्त्याची हद्द सेवेच्या तारखेवरून ठरते. ३० जूनचं आणि १ जुलैचं काम एकाच क्लेममध्ये घालण्यापेक्षा दोन क्लेम करा.

३ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सेवांचे क्लेम दोन वर्षांच्या आत करावे लागतात, पण कृपया तेवढी सवलत वापरू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी अर्धा तास काढा: आलेली इन्व्हॉइस, क्लेम, भरणा आणि तक्त्यात एक ओळ (तारीख, कोण, तास, रक्कम, क्लेमचा क्रमांक, भरल्याची तारीख, हप्त्यात किती शिल्लक). कागद पाच वर्षं ठेवायचे असतात. इन्व्हॉइसच्या फाइलला नाव देताना आधी वर्ष-महिना-दिवस, मग प्रोव्हायडर, मग रक्कम, म्हणजे शोधताना त्रास होत नाही.

क्लेम चुकून जास्त झाला तर पुढच्या क्लेममधून वजा करून हिशेब जुळवू नका. कागदावर दोन्ही क्लेम चुकीचे दिसतात. एनडीआयएसच्या १८०० ८०० ११० वर फोन करून दुरुस्त करून घ्या आणि फोनची तारीख तक्त्यात लिहा. इंग्रजीत अडचण वाटली तर टीआयएस नॅशनल (१३१ ४५०) मार्फत दुभाषा मागता येतो, फुकट.

---

गोधडी

कशावर खर्च करता येतो हेही बघून ठेवा. ३ ऑक्टोबर २०२४ पासून 'एनडीआयएस सपोर्ट्स'च्या दोन याद्या आहेत, चालणारं आणि न चालणारं. सेल्फ-मॅनेज्डमध्ये दर आणि माणूस तुमचा, पण यादी सगळ्यांना सारखीच. किराणा, भाडं, शाळेची फी, सुट्टीचा प्रवास, घरचं इंटरनेट नाही. योगा थेरपी न चालणाऱ्यांत आहे, आपल्याकडे ती सहज सुचवली जाते म्हणून मुद्दाम सांगते. वर्कर पोहायला घेऊन गेली तर तिचे तास चालतात, तुमच्या मुलाचं तिकीट नाही. छोटी सहायक साधनं प्रत्येकी १,५०० डॉलरपर्यंत कोटेशनशिवाय घेता येतात, पण ती अपंगत्वाशी निगडित हवीत आणि प्लॅनमध्ये त्यासाठी पैसे हवेत. साधा टॅबलेट संवादासाठी हवा असेल तर 'रिप्लेसमेंट सपोर्ट' (मंजूर सेवेच्या बदल्यात घेतलेली वस्तू) म्हणून आधी लेखी मंजुरी घ्या, खरेदी मग. आणि एकाच सेशनला मेडिकेअर (सरकारी आरोग्य विमा) आणि एनडीआयएस दोन्हीकडे क्लेम नको. चुकीचा खर्च झाला तर ते पैसे परत मागतात, आणि सेल्फ-मॅनेज्डमध्ये ते तुमच्याकडेच मागणार.

---

पुणे_सिडनी_पुणे

पुण्याच्या आठ आठवड्यांबद्दल. कायद्यात देशाबाहेर राहण्याची सवलत सहा आठवड्यांची आहे. तोवर प्लॅन चालू राहतो. सातव्या आठवड्यापासून प्लॅन स्थगित होतो, परत आल्यावर पुन्हा सुरू. म्हणजे तुमच्या दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. निघण्याआधी एनडीआयएला लेखी कळवा आणि मुदत वाढवून मागायची असेल तर कारणासकट मागा. परत आल्यावर मागून उपयोग नाही.

विमानाचं तिकीट, व्हिसा, प्रवास-विमा, राहणं यातलं काहीच प्लॅनमधून नाही, वर्करचं तिकीटसुद्धा नाही. तुमच्या स्पीच थेरपिस्टला व्हिडिओवर सेशन चालत असतील तर पहिल्या सहा आठवड्यांत ती चालू ठेवता येतील, ओटीचं मात्र घरी परतल्यावर बघा. उन्हाळ्यात मेलबर्न पुण्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. पुण्यात सकाळी नऊला बसवलंत तर तिथे दुपारचे अडीच, थेरपिस्टला सोयीची वेळ. दुपारी तीनची वेळ मागितलीत तर तिथे रात्रीचे साडेआठ होतात, कुणी देणार नाही.

पुण्यात माणूस ठेवण्याचं डोक्यात असेल तर त्याच्याकडे एबीएन नसणार, क्लेम तिथेच अडेल. लेखी होकार हातात आल्याशिवाय तो खर्च प्लॅनच्या भरवशावर करू नका.

आणखी एक: इथल्या वर्करला आणि थेरपिस्टला सुट्टीच्या तारखा ऑक्टोबरमध्येच लेखी द्या. एनडीआयएसच्या दर-दस्तऐवजाप्रमाणे सपोर्ट वर्करचं काम रद्द करायला सात दिवसांपेक्षा कमी सूचना दिली तर पूर्ण पैसे लावता येतात. सेल्फ-मॅनेज्डमध्ये ही मुदत तुम्ही बोलून ४८ तासांवर आणू शकता, पण ते ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असेल तरच.

---

टार्नेट_आई

सगळ्यांचे आभार. कोअर सेल्फ-मॅनेज्ड आणि थेरपी प्लॅन मॅनेजरकडे, असा ईमेल आज पाठवतेय. मुलीच्या व्हिसाचे तास आधी विचारते. ती अजून एका घरी जाते म्हणाली, तेव्हा एबीएनचा मार्ग बसेल असं दिसतंय.

---

वेरिबी_वाचक

बसेल. तिचा दर तिलाच सांगू द्या आणि ॲग्रीमेंटचा मसुदा तिच्याकडूनच मागवा. तास नोंदवायला तिने रोज आल्या-गेल्याची वेळ मेसेजवर टाकली तरी पुरे, तेच इन्व्हॉइसला पुरावा म्हणून जोडता येतं. आणि व्हेवोचा ईमेल टर्म बदलली की पुन्हा मागवा.